पितळी मूठ

घड्याळजींनी त्या दुपारी दोन चुका केल्या. सुऱ्याच्या मुठीत बोटं घातली ही पहिली. तासभर ते बायकोपासून लपवलं ही दुसरी, आणि तीच महागात पडली.

घड्याळं दुरुस्त करणं हे त्यांचं पोट, आणि महायुद्धातले खंदकी सुरे जमवणं हे वेड. खंदकात अंगावर धावून आलेल्या माणसाशी झोंबायला बनवलेले हे सुरे. घरात असे अकरा होते. त्यांतला लाडका पितळी मुठीचा. मुठीला चार कडी, एकेका कड्यात एकेक बोट. संग्राहकांचा दंडक असा, की जुन्या धातूवर ओरखडा काढायचा नाही आणि मूठ हातात चढवायची नाही. वीस वर्षं त्यांनी दोन्ही पाळलं. पण सकाळी त्यांचा जुना प्रतिस्पर्धी फोनवर सहज बोलून गेला, की अस्सल मुठीत हातमोज्यासकट बोटं जातात, नकलीत अडकतात. झालं, यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

साबण लावून बोटं आत गेली. बाहेर मात्र येईनात.

बायको खोलीत आली तेव्हा बोटं जांभळी पडून टरारली होती आणि सुऱ्याचं पातं हातातून पुढे आलेलं होतं. ती किंचाळली नाही. पात्याला टॉवेल गुंडाळला आणि भावाला फोन लावला. भाऊ कारखान्यात फिटर. करवत घेऊनच आला.

"कापायचं नाही," घड्याळजी म्हणाले.

मेहुण्याने बोटांची टोकं दाबून पाहिली. दाबलेली जागा पांढरी झाली ती पांढरीच राहिली, रक्त परतेना.

"भाऊजी, दवाखान्यात गेलात तरी हेच करतील, पण वाटेत वेळ जाईल. तुमचं पोट या बोटांवर आहे."

घड्याळजींना ते कळत होतं. केसाएवढा स्क्रू चिमटीत धरणारी ती बोटं. तरी त्यांनी हात छातीशी ओढून घेतला. खरी भीती त्यांना मुठीच्या पोटातून काय निघेल याची वाटत होती, आणि ती भीती त्यांनी कोणालाही सांगितली नसती. बायकोने त्यांचं मनगट पकडून टेबलावर दाबलं.

मेहुण्याने बोट आणि कडं यांच्यात पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, म्हणजे कातडी वाचावी. करवत फिरायला लागली. धातू तापला की बायको ओल्या फडक्याने पाणी पिळायची. घड्याळजींनी डोळे गच्च मिटले होते. एकदा करवत घसरली आणि पट्टीवर करकरली.

मग पहिलं कडं कापून मेहुणा थांबला. टेबलावर पडलेली भुकटी पिवळी नव्हती. राखाडी होती. जस्ताच्या ओतीव मुठीवर पितळेचा मुलामा, बस. चुंबक ना पितळेला चिकटतो ना जस्ताला, त्यामुळे चुंबक लावून पाहणाऱ्या घड्याळजींना हे कधी कळणार नव्हतं, आणि ओरखडा तर त्यांनी काढलाच नव्हता.

त्यांनी डोळे उघडले आणि भुकटी पाहिली. मेहुण्याने मान खाली घालून उरलेली तीन कडी कापली. अर्धी मूठ टेबलावर पडली. घड्याळजी तिच्याकडेच बघत राहिले. वीस वर्षं तिच्यावरची धूळसुद्धा त्यांनी बायकोला पुसू दिली नव्हती.

बायकोने ती अर्धी मूठ बाजूला सारली आणि त्यांचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ही बोटं तर खरी आहेत ना?" ती म्हणाली. "हलवून दाखवा."

आधी करंगळी हलली.