अर्ध्या कोयत्याची नोंद

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिव्याचा नव्हे, नेटवर्कचा. पालमच्या एका कॉलेजात, संगणकाच्या खोलीतल्या भिंतीवर मी बारा वर्षांपासून आहे. आलो त्या दिवशी मला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आता माझ्यावर कोळ्यांनी जाळी धरली आहेत.

काम तेच आहे. इथल्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता असतो. एकाने दुसऱ्याला निरोप पाठवला की त्याचे लहान तुकडे होतात आणि प्रत्येकावर कोणाकडून, कोणाकडे हे लिहिलेलं असतं. मी पत्ता पाहून तुकडा नेमक्या वायरीत सोडतो. आतला मजकूर वाचत नाही. खोलीतल्या खोलीत हे सगळं इंटरनेटशिवायही चालतं. पण सांगायचं कोणाला? काही अडलं की पोरं म्हणतात नेट गेलं, आणि पहिला हात माझ्यावर पडतो.

सत्यशीला मॅडम इथे शिकवतात. सॉफ्टवेअर एका दमात होत नाही, असं त्या दरवर्षी सांगतात. आधी गरज विचारायची, मग आराखडा, कोड, चाचणी आणि वापर. वापरात चूक दिसली की पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं. गेल्या वर्षी त्यांच्या विद्यार्थिनीने, पंकजाने, वसतिगृहाच्या यादीचं सॉफ्टवेअर करायचं काम घेतलं. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांनी गावाकडे राहून शिकावं म्हणून ते वसतिगृह चालतं. यादीत नाव आलं तर मूल शाळेत, नाही तर उसाच्या फडात.

पंकजा गरज विचारायला गेली ती मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्याकडे. त्याची मोजणी कोयत्यांची. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिने आराखडाही तसाच केला: एका कोयत्याची एक नोंद, दोघांची नावं भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, मुलं त्याखाली. चाचणीत वर्गातल्यांनी आपापल्या आईवडिलांची नावं भरली. सगळं झकास चाललं.

नोंदणी आमच्याच खोलीत होती; त्या दिवशी सकाळी चार बायकांच्या नोंदी गेल्या नाहीत. पंकजाच्या वर्गातल्या आदिनाथने त्यांना सांगितलं, नेट नाही, उद्या या. पाचवी आली सुलाबाई, आठ वर्षांच्या भक्तीला घेऊन. तिच्या टोळीचा ट्रक दुपारी सुटणार होता, म्हणून ती हलेना. आदिनाथने माझ्या वायरी उपसल्या, मला बंद करून चालू केलं. मला रागच आला. मी प्रत्येक तुकडा बिनचूक नेत होतो आणि यादी ठेवणाऱ्या मुख्य संगणकाचा, सर्व्हरचा, नकारही तितक्याच इमानाने आणत होतो.

वसतिगृहाचे नागनाथ सर म्हणाले, यादीबाहेरचं मूल मला घेता येणार नाही. बापाच्या नावाची जागा रिकामी म्हणून नोंद अडते, हे आता आदिनाथला दिसलं. त्याने सुचवलं, तिथे कोणतंही नाव टाकून मोकळं होऊ. तेव्हा सुलाबाई बोलली.

"मालक वारल्यापासून मुकादम मला अर्धा कोयता धरतो, बाई. पर माझी लेक तर अख्खी हाय ना?"

पंकजाचा चेहरा उतरला. मॅडम रागावल्या नाहीत. ट्रकला किती वेळ आहे, एवढंच त्यांनी विचारलं. दोन तास होते.

"मग पहिल्या पायरीवर या," त्या म्हणाल्या.

पंकजाने सुलाबाईलाच शेजारी बसवलं. मूल कोणाचं ऐकतं, आजारी पडलं तर फोन कोणाला लावायचा, असं एकेक विचारत गेली. नोंद आता कोयत्याची नव्हे, मुलाची झाली. आई, बाप, मामा, आजी, जे कोणी असेल ते त्याखाली. ट्रक सुटायला पाव तास असताना भक्तीची नोंद माझ्यातून गेली आणि होकार परत आला. सुलाबाई एकटीच ट्रककडे गेली. भक्ती रडली, पण राहिली. मला फार बरं वाटलं.

मग सकाळच्या चौघींना शोधायला माणसं धावली. तिघी सापडल्या. चौथी तिच्या पोराला घेऊन सकाळच्याच ट्रकने निघून गेली होती.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, वायर हळू काढा, एवढं मागणं आहेच. पण काही अडलं तर माझं नाव सांगून माणसाला परत पाठवू नका. त्याला बसवा आणि विचारा. वाटेत तुकडा हरवला तर संगणक तो पुन्हा पाठवतो. त्या पोराचं वर्ष कोणालाच पुन्हा पाठवता आलं नाही.