उलटा टांगलेला बिल्ला

मी फळा आहे, पण शाळेतला नव्हे. खडू माझ्या अंगावर कधी चाललाच नाही. धुलाईघराच्या दारामागचा, पाळ्यांचा फळा बोलतोय मी.

इथल्या कामगार संघटनेचे पुढारी म्हणजे दादा. त्यांची मुलगी दूर शिकून परत आली, तेव्हा तिच्या डोक्यात संघटना म्हणजे झेंडे, घोषणा आणि अंगावर काटा आणणारी भाषणं होती. इथे तिला सापडलो मी: एक ओबडधोबड लाकडी फळी, दोन ओळींत खिळे आणि खिळ्यांना लटकलेले, एकेकाचं नाव ठोकलेले पत्र्याचे बिल्ले. वरची ओळ सकाळपाळीची, खालची दुपारपाळीची. बस्स. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मग तिने माझ्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली वाफेची ओल बघितली आणि हसली. तेव्हापासून ती माझी लाडकी.

माझा जन्म संपातला. त्याआधी मुकादम दारात उभा राहून बोट दाखवायचा: तू आत, तू दुपारी ये. त्याची मर्जी सांभाळणाऱ्याला सकाळ, बाकीच्यांनी ताटकळत बसायचं. दादांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पोटाला चिमटा काढून तो प्रकार मोडला. सुतारकाम येणाऱ्या एकाने इस्त्रीचं मोडकं टेबल कापून मला घडवलं आणि दादांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगलं. अजूनही ते येता-जाता खांद्यावरच्या फडक्याने माझी धूळ पुसतात. अशा माणसाला मी वाईट कसं म्हणू?

पण रंगाचंही सांगायला हवं. संघटनेच्या सभासदांचे बिल्ले लाल. ते आधी लागतात. जे सभासद नाहीत त्यांचे बिनरंगाचे, कोरे. ते उरलेल्या खिळ्यांना. आणि उरतं ते खालीच. खालच्या ओळीच्या टोकाला माझं लाकूड त्या कोऱ्या पत्र्यांनी घासून पांढरं पडलंय.

माझ्याकडे एक रीत आहे. प्रत्येक बिल्ल्याला खालच्या बाजूलाही भोक असतं. ज्याला पाळी बदलून हवी, त्याने आपला बिल्ला उलटा टांगायचा. कोणापुढे तोंड वेंगाडायला नको. कोणाच्या घरी आजारपण, कोणाची बायको बाळंत. दुसरा कोणीतरी बघतो, आपला बिल्ला तिथे लावतो, विषय संपला. चहात साखर कमी म्हणून आठवडाभर अबोला धरणारी ही माणसं, पण उलट्या बिल्ल्याला ताटकळत ठेवत नाहीत. बिल्ला लाल असेल तर.

चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला सगळे घडीवालीच म्हणतात. संपात तिचा नवरा मागच्या भिंतीवरून उडी टाकून कामावर गेला होता. घरात तान्हं पोर तापाने फणफणलं होतं, औषध आणायचं होतं. पुढे तो काम शोधत दुसऱ्या गावी गेला, ‘फितूर’ हा शब्द मात्र हिच्या वाट्याला राहिला. ती सभासद होत नाही. माझ्या माणसाला शिव्या घालायच्या आणि माझ्याकडून वर्गणी घ्यायची, हे जमायचं नाही, म्हणते.

ते पोर आता शाळेत जातं. त्याला सांभाळणारी सासू हल्लीच मुलीकडे राहायला गेली. तेव्हापासून पोर दुपारी येऊन कुलपासमोर पायरीवर बसतं, दप्तर मांडीवर घेऊन, आई सुटेपर्यंत. म्हणून घडीवालीचा कोरा बिल्ला उलटा लटकू लागला.

आणि रोज सरळ होऊ लागला. दादांच्या मुलीने हट्टाने धुलाईतच काम घेतलं होतं. सगळ्यांत नवी, पण दादांची लेक आणि बिल्ला लाल, म्हणून वरच्या ओळीत. माझी रीत तिला कोणी सांगितलीच नव्हती. लाल उलटे बिल्ले तिच्या नजरेला पडायच्या आत सुलटे होत. हा एकच बिल्ला पुन्हा पुन्हा उलटा दिसे. चुकून लागला असेल, असं वाटून ती येता-जाता मायेने तो नीट करी. मला हात असते तर तिचा हात धरला असता.

एकदा पाळी बदलताना घडीवालीने तिला गाठलं.

“ताई, राहू दे ना तसाच. उत्तर कोणी देत नाही, ठाऊक आहे मला. पण मागितलंय एवढं तरी दिसू दे.”

मग तिने उलट्या बिल्ल्याचा अर्थ सांगितला. पोराचंही सांगितलं. मुलगी कानापर्यंत लाल झाली आणि तडक दादांना माझ्यासमोर घेऊन आली.

“बाबा, करार करताना आपण सगळ्यांच्या वतीने बोलतो ना?”

“बोलतो की. पगार तिचाही वाढला.”

“मग पाळ्या वाटताना सगळे कुठे जातात?”

दादांनी तिला शांतपणे समजावलं. वर्गणी आम्ही भरली, उपाशी आम्ही राहिलो. न भरताच सगळं मिळालं, तर उद्या भरणार कोण? संघटना मोडली की मुकादमाचं बोट परत येईल, मग घडीवालीलाही काही उरणार नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं.

“तुला एवढं वाटतं तर दे तुझी सकाळ तिला,” ते म्हणाले. “शिकून आलीस, मन मोठं झालंच असेल.”

“देणारच आहे. पण मी नसेन त्या दिवशी ती कोणाच्या मनावर अवलंबून राहील?”

दादा फडक्याने माझी पुसलेलीच जागा पुन्हा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी सगळ्यांच्या आधी आली. स्वतःचा बिल्ला काढून तिने त्या खिळ्याला घडीवालीचा लावला, सुलटा. मग तारेच्या घासणीने स्वतःच्या बिल्ल्याचा लाल रंग खरवडायला बसली. दादा दारातच थबकले. संघटना सोडतेस का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

“नाही बाबा. वर्गणी भरणार, सभेलाही येणार. उलटा बिल्ला कोणाचाही असो, त्याला उत्तर द्यायचं, हा ठराव मी मांडणार आहे. तो मंजूर होईपर्यंत माझा बिल्ला कोरा.”

आणि तो तिने खालच्या ओळीत, माझ्या पांढऱ्या पडलेल्या लाकडावर टांगला.

सभा अजून व्हायची आहे. फळ्याला मत नसतं, नाहीतर माझं कुठे पडलं असतं ते तुम्ही ओळखलंच असेल. आज दुपारी त्या पायरीवर कोणी बसलेलं नसेल, एवढ्यानेच मला हलकं वाटतंय. तुम्ही कधी माझ्यासमोरून गेलात तर एक करा. बिल्ला उलटा दिसला, तर घाईने सरळ करू नका. थांबा, मान वाकडी करा आणि नाव वाचा.