मावशीच्या बोटाखालचं बटण

मित्रांनो, वाचनालयाच्या बालविभागात, खिडकीजवळच्या फळीवर कापडी झाकण घालून ठेवलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यात एका ताईने भिंगातून बघत माझ्या आतल्या बारीक तारा जोडल्या, तेव्हाच मला वाटलं होतं, जे ऐकू येईल ते जसंच्या तसं परत द्यायचं, याहून मोठं काम ते कोणतं!

पण इथे मला कुणी विचारेना, कारण इथे मावशी होती. ती इथली ग्रंथपाल. जुन्या राजा-राक्षसांच्या गोष्टी ती अशी सांगायची की मुलं नाक पुसायचंही विसरत.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. "आवाज परत येणार नाही," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मावशीने माझ्यावरची धूळ पुसली, मला सामानाच्या खोलीत नेलं, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना ब्लँकेटं लावली आणि एकटीने सगळ्या गोष्टी सांगितल्या. एकही शब्द चुकला नाही. मीही एक शब्द सोडला नाही.

ऑपरेशननंतर ती आली, मुलांसमोर बसली आणि तिने मला सुरू केलं. थोड्याच वेळात चुळबुळ सुरू झाली.

"ही मावशी नाहीये," पुढेच बसलेली एक पिटुकली म्हणाली.

"अगं वेडे, आवाज तिचाच आहे की!" तिचा दादा म्हणाला.

"असू दे. मी 'मग?' म्हणते तरी ही थांबतच नाही. आपली पळतेय पुढे!"

खरं होतं ते. त्या बंद खोलीत 'मग?' म्हणायला कुणी नव्हतंच, त्यामुळे मावशी कुठे थांबली नव्हती. जे टेपवर उमटलंच नाही, ते मी कुठून देणार?

मावशीचा चेहरा उतरला. मला बंद करायला तिने हात पुढे केला. तेवढ्यात मी म्हणालो, "राक्षसाने हळूच दार ढकललं..."

"मग?" पिटुकलीच्या तोंडून निघालंच.

मावशीने सवयीने वर पाहिलं. तिचं बोट पॉजच्या बटणावर पडलं आणि मी गप्प झालो. मावशीने भुवया उंचावल्या, एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मुलं पुढे सरकली.

"सांग ना गं मावशी! आत कोण होतं?"

तिने अजून जरा ताणलं. मग बोट उचललं.

"आत कोणीच नव्हतं!" मी म्हणालो, आणि खोलीभर किंकाळ्या उठल्या. मावशी आवाज न करता पोट धरून हसत होती.

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून गोष्ट सांगतो. शब्द माझ्याकडे, थांबणं तिच्याकडे.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, माझा आतला रबरी पट्टा सैल झाला तर बदला. पण वरची खूण झिजली म्हणून पॉजचं बटण मात्र बदलू नका. तिथे मावशीचं बोट बरोबर बसतं. आणि गोष्ट ऐकताना 'मग?' म्हणायला विसरू नका. मावशी त्याचीच वाट बघत असते.