गेलेल्या बापाचं वय

शपथ घेऊन सांगते मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं बोलले तर मला वाळवी लागो.

मी एक जुनी फळी हाय. आधी सोलापुरात हातमागाच्या खोलीचं दार होते. सिद्धलिंगप्पानं मला काजळीनं काळं केलं, भिंतीला टांगलं, कडेला दोरीनं खडू बांधला. लेकीला, विजूला, आकडे शिकवायचे होते. त्याच्या पाचाला लांब वळणदार शेपूट. बायको काशम्मा चिडवायची, "हा पाच हाय का मांजर?"

विजू पाच वर्सांची झाली अन् तो तापानं गेला. मग मला कोण विचारतंय? माझ्यावर मिरच्या वाळत पडल्या.

दहावीत विजूनं मला परत टांगलं. चुलत्यानं बजावलं होतं, उद्याच्या परीक्षेत गणित गेलं तर शाळा बंद, विड्या वळायला बसायचं. विड्यांचं सूप आणूनबी ठेवलं होतं.

गणित असं: बापाचं वय लेकीच्या वयाच्या वर्गाइतकं हाय. पाच वर्सांनी बाप लेकीच्या तिप्पट वयाचा होईल. तर लेकीचं वय किती?

विजूनं लेक क्ष धरली, बाप क्ष वर्ग. पाच वर्सांनी लेक क्ष अधिक पाच, त्याची तिप्पट. अन् बाप? क्ष वर्गच. मग मधल्या पदाची फोड कशी निघंल? पुसायची, परत तेच मांडायची.

काशम्मानं विचारलं, बाप तेवढाच का ठेवलास?

"अव्वा, गेलेल्या माणसाचं वय वाढतंय व्हय?"

काशम्मानं घागर उचलली. दोघी नळावर गेल्या. भर दुपार. तेवढ्यात वारा सुटला, मी खिळ्यावर हलले, दोरीचा खडू अंगावर घासत राहिला.

परत येऊन बघतात, तर क्ष वर्गापुढं 'अधिक पाच'. पाचाला लांब वळणदार शेपूट.

विजू पुसायला गेली. काशम्मानं तिचा हात धरला.

"राहू दे. वाढू दे की त्येला."

विजू खाली मांडत गेली. क्ष वर्ग उणे तीन क्ष उणे दहा. मधलं पद फुटलं: उणे पाच क्ष, अधिक दोन क्ष. लेक पाच, न्हायतर उणे दोन. वय उणं नसतं, ते सोडलं. लेक पाच, बाप पंचवीस. खडू तिच्या हातातच थांबला. तो गेला तवा दोघांची वयं हीच होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत बाप-लेकीचंच गणित आलं. तिनं बापाचं वय वाढवलं. पास झाली, सूप परत गेलं.

आता मी माळ्यावर हाय, अंगावर धूळ. तो पाच अजून गेला न्हाय. मित्रांनो, जुनी फळी चुलीत घालायच्या आधी उजेडात धरून बघा. कुणाचा हात राहिला असंल.

अन् एक कबूल करते. वारा सुटला म्हणाले ना, ते मी मनचं घातलं. त्या दुपारी पानबी हललं न्हवतं.