ओठ मिटले की मी

मित्रांनो, मी एक जुना, चांगला मुरलेला 'म' आहे. तुर्की भाषेतला प्रत्यय. तुमचे 'माझा-माझी' ऐटीत पुढे चालतात. मी मात्र शब्दाला मागून शेपटासारखा लागतो. 'आन्ने' म्हणजे आई आणि 'आन्नेम' म्हणजे माझी आई. घोड्यांना शेपट्या फुटल्या त्याच्या आधीपासून मी शब्दांना फुटलेलो आहे. खोटे वाटत असेल तर एखाद्या म्हाताऱ्या घोड्याला विचारा. माणसाचे दात पडले तरी मला धक्का नाही, कारण मी ओठांवर राहतो. ओठ मिटले की मी.

टोकाट गावातल्या चिमुकल्या इल्कायने मला भारी राबवले. माझी बाहुली, माझे तुतीचे झाड, माझी सर्दीसुद्धा! पण तिची आई वारली आणि 'आन्ने'मागची माझी जागा ओस पडली.

पुढे वडिलांनी म्युझेय्यनशी लग्न केले. तिला घेऊन इल्काय बाजारात आली, तेव्हा डोक्याचे रुमाल छापणाऱ्या रागिप उस्तादांनी विचारले, "ही कोण गं तुझी?"

"माझ्या बाबांची बायको."

त्यात मी होतो, पण बाबांना चिकटून. म्युझेय्यन हसली आणि नीट असलेला रुमाल उगीच नीट करत राहिली.

या उन्हाळ्यात इल्काय तुतीवरून पडली. समोरचा दात गेला, गुडघा फुटला. म्युझेय्यनने डोक्यावरचा रुमाल टर्रकन फाडून गुडघ्याला बांधला आणि चारचौघांतून, उघड्या डोक्याने, तिला उचलून घरी नेले.

चालता येऊ लागताच इल्काय लंगडत उस्तादांकडे निघाली. पुन्हा पडेल या धास्तीने म्युझेय्यन गुपचूप मागोमाग आली आणि वाळत घातलेल्या रुमालांआड उभी राहिली.

"रुमाल हवाय. चांगला."

"वाईट विकतो का गं मी, चिमणे? कुणासाठी? मावशीला जांभळा शोभेल, आजीला काळा."

इल्कायने नकारार्थी मान हलवली.

"बोल की! दाताबरोबर जीभपण पडली का काय?"

"आन्ने..." ती म्हणाली आणि अडली. तेवढ्यावरच थांबली असती, तर तो शब्द कुणाच्याही आईचा झाला असता. माझा जीव टांगणीला लागला. तिचे ओठ जवळ आले. मिटले.

"आन्नेमे."

माझ्या आईसाठी! 'साठी'चा तो धाकटा 'ए' नेहमीसारखा माझे बोट धरून मागे आला होता.

रुमालांआड कुणीतरी जोरात नाक ओढले.

"वाऱ्याला सर्दी झालेली दिसते," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी सर्वांत लाल रुमाल काढला.

मित्रांनो, मी शब्दाच्या शेवटी येतो खरा. पण म्हणून मला शेवटपर्यंत राखून ठेवू नका.