उजव्या हाताची डबी

“दाब. अजून दाब. कोणाचा तरी गळा धरलाय असं समज.”

“कोणाचा?”

“आमच्या दिग्दर्शकाचा.”

ती हसली आणि तिने मातीची वडी मुठीत आवळली. मग मूठ सोडून वडी नवऱ्यापुढे धरली. उजव्या कडेला अंगठ्याचा खळगा, डाव्या कडेला बोटांच्या खाचा. त्याने वडी दिव्यापाशी नेली आणि वळवून वळवून पाहिली.

“नीट दाबलंस ना?”

“अहो, दाबलं की! आता काय ती माती खाऊ?”

वडी घेऊन तो घरामागच्या शेडमध्ये गेला.

त्याला सगळे प्रॉपवाला म्हणत. नाटकांना आणि मालिकांना लागणाऱ्या खोट्या वस्तू तो बनवायचा. न उडणारी पिस्तुलं, कापसासारखे हलके दगड, डोक्यात घातली तरी लागणार नाही अशी बाटली. आयुष्यभर खोटं करून खरी भाकरी खाल्ली असं तो मोठ्या अभिमानाने सांगे. या खेपेची मालिका तीनशे वर्षांनंतरच्या जगातली होती. तिच्या नायिकेला दुसऱ्या ग्रहावरच्या माणसांशी बोलायचं होतं आणि त्यासाठी तळहातात मावेल असं एक यंत्र हवं होतं. संहितेत त्या यंत्राला चांगलं लांबलचक नाव होतं. घरात मात्र त्याला डबीच म्हणायचे.

दिग्दर्शकाला डबी पसंत पडत नव्हती. पहिली पाहून तो म्हणाला, “हा तर मोबाइल झाला.” दुसरी पाहून म्हणाला, “हा टीव्हीचा रिमोट.” पुढची त्याने नाकाशी नेली आणि “साबण!” म्हणून परत केली. “यात भविष्य दिसायला पाहिजे हो, भविष्य!” भविष्य कसं दिसतं हे त्याला सांगता येत नव्हतं. कसं दिसत नाही, तेवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

प्रत्येक नव्या डबीला हाताचा नवा ठसा लागे. नायिकेला मातीत हात घालायला सवड नव्हती, म्हणून तिने आपला एक हातमोजा पाठवून दिला होता. तो बायकोच्या हाताला इतका नेमका बसला, की तिने आरशासमोर उभं राहून हात हलवून पाहिला. “नायिका घरातच होती बघा. तुम्हालाच कधी दिसली नाही.”

नाकारलेले ठसे तो मोडत नसे. शेवटचं पाहून झाल्यावर ‘पहिलंच बरं होतं’ म्हणणारे दिग्दर्शक त्याने कमी पाहिले नव्हते. त्यामुळे सगळे ठसे शेडमधल्या फळीवर ओळीने मांडलेले होते. आजचा ठसा त्याने त्यांच्या शेवटी ठेवला आणि दिवा फळीकडे वळवला.

पहिल्या वडीत चारही खाचा खोल होत्या. बोटाचं पेर आत बसावं अशा. दुसरीत करंगळीची खाच उथळ होती. त्यापुढच्या वडीत करंगळीशेजारच्या बोटाचीही. आजच्या वडीवर करंगळी उमटलीच नव्हती आणि अंगठ्याचा खळगा बशीसारखा पसरट होता.

माती सुकली असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. त्याने नवं पाकीट फोडलं, माती बल्बखाली उबवली आणि स्वतः मूठ आवळून पाहिली. बोटं लोण्यात रुतावीत तशी रुतली. दुसऱ्या पाकिटातली माती घेतली, तीही तशीच. मग त्याला बायकोचाच राग आला. लक्ष नसतं हिचं, कामचुकारपणा करते. राग आला म्हणून जरा बरंही वाटलं, पण तो टिकला नाही.

कारण एकेक गोष्ट आठवायला लागली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळ्यांना धड दिसणार नाहीत असे स्क्रू ती बोलता बोलता पिळून बसवायची. मध्यंतरी म्हणाली होती, “आता मी काउंटरला बसते. स्क्रूचं काम नव्या मुलीला दिलंय, तीही शिकू दे की.” तेव्हा त्याने बढती मिळाली म्हणून तिचं कौतुक केलं होतं. हल्ली बाटलीचं झाकण ती त्याच्यापुढे सरकवायची. कुलूप त्यालाच उघडायला लावायची. गेल्या रविवारी त्याची बहीण आली होती. तिच्यासमोर हिच्या हातून कप पडला तेव्हा बहीण म्हणाली होती, “वहिनी, लक्ष कुठे असतं गं तुझं? मागच्या खेपेलाही पडला होता.” त्यावर तिघंही हसले होते.

तिला विचारायचा धीर त्याला झाला नाही. त्याने दिग्दर्शकाला पुढे केलं.

“आणखी एक ठसा पाहिजे म्हणतोय.”

“परत? स्वतःला हात नाहीत का त्या माणसाला?” ती भांडी विसळत होती. “ठेवून जा तिथे. हे आवरलं की देते दाबून.”

“मी थांबतो ना.”

“माझ्या डोक्यावर उभे राहू नका. जा बघू.”

सकाळी वडी टेबलावर तयार होती. त्याने ती उचलली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. खाचा खोल होत्या. अंगठाही चांगला रुतलेला होता. म्हणजे माती नाही, आजार नाही, हिचा कंटाळाच तो! आपण उगाच काय काय मनात आणलं म्हणून त्याला स्वतःचं हसू आलं. तो शीळ घालत शेडमध्ये गेला. जाता जाता तिला ओरडून म्हणाला, “याला म्हणतात ठसा!”

डबीला बटण कुठे बसवायचं ते ठरवण्यासाठी त्याने वडी उजव्या हातात धरली. पुढची बाजू कळावी म्हणून तो मातीवर नेहमी नखाने रेघ ओढून द्यायचा. ती रेघ त्याने स्वतःकडे केली. बोटं खाचांत जाईनात. अंगठ्याखाली चार खाचा येत होत्या आणि बोटांना खळगा लागत होता. वडी फिरवली, तर खळगा अंगठ्याखाली आला, पण रेघ पलीकडे गेली. थोडा वेळ तो तसाच झगडत राहिला. मग त्याने वडी डाव्या हातात घेतली आणि ती अलगद बसली.

तो स्टुलावर बसला. तिने डाव्या हाताचा ठसा दिला होता.

बराच वेळ तो वडी हातात धरून होता, म्हणून पुढची गोष्ट त्याच्या बोटांना आधी कळली. तीन खाचा खोल होत्या. करंगळीची खाच नव्हती तितकी. त्याने वडी फळीवरच्या दुसऱ्या ठशाशेजारी नेली. उजव्या हाताची सुरुवात जिथून झाली होती, तिथूनच डाव्याचीही झाली होती.

तो घरात आला आणि वडी तिच्यापुढे ठेवली. तिने वडीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

“कळलं होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, खपून जाईल. तुमचं काम अडत होतं माझ्यापायी.”

“कामाचं सोड. कधीपासून?”

“दुकानात स्क्रू पडायला लागले तेव्हापासून. आधी वाटलं, चष्मा मलाच लागला असेल.” ती हसायला गेली, पण तिचं तिलाच ते जमलं नाही. “अहो, असं तोंड करू नका. डावा आहे ना अजून ठणठणीत!”

“हो,” तो म्हणाला. “आहे ना.”

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सुया टोचल्या, तिला बोटं पसरायला लावली, मिटायला लावली. आजाराचं नाव डबीच्या संहितेतल्या नावासारखं लांबलचक होतं. औषधाने वेग जरा कमी होतो, इतकंच ते म्हणाले. ती बाहेर चपला घालायला गेली तेव्हा प्रॉपवाल्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या वड्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. डावी वडी सगळ्यांत शेवटी. डॉक्टरांनी एकेक उचलून पाहिली. डावी मात्र त्यांनी लवकर खाली ठेवली नाही.

“मला शंका होतीच,” ते म्हणाले. “त्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“वेळ आली की सांगावं लागेल.”

“डॉक्टर, हातांवरच थांबेल ना हे?”

डॉक्टरांनी वड्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिल्या. महिन्याने या, म्हणाले.

दिग्दर्शकाचे फोन येतच होते. एका दुपारी प्रॉपवाल्याने माती अगदी लोण्यासारखी मऊ केली आणि बायकोचा उजवा हात टेबलावर उताणा ठेवून त्यावर वडी ठेवली.

“दाब.”

“नाही हो होत. चिडवताय का मला?”

“जेवढं होतं तेवढं.”

तिने ओठ आवळले. बोटं जागची हलली नाहीत. मग तिने ते सोडून दिलं आणि दोघं नुसतेच बसून राहिले. वडीच्या वजनाने तळहात तेवढा मातीत उमटत होता. त्याने वडी उचलली तेव्हा तिच्यावर ना खळगा होता ना खाच. तळहाताच्या रेषा मात्र सगळ्या आल्या होत्या.

त्या ठशावरून त्याने डबी ओतली. तिला बटण ठेवलं नाही. पाठीला तळहात टेकला की लागणारा एक छोटा दिवा आत बसवला. घासायला आणि रंगवायला दिली तेव्हा रंगाऱ्याने ती उलटी करून पाहिली. “मागे चरे राहिलेत हो. घासून गुळगुळीत करू?”

“राहू देत.”

“कॅमेऱ्यात दिसतील.”

“राहू देत म्हटलं ना!” रंगाऱ्यावर तो याआधी कधी ओरडला नव्हता.

दिग्दर्शकाने डबी तळहातावर ठेवली. दिवा लागला.

“बटण?”

“तीनशे वर्षांनी कोण कशाला काही दाबेल? नुसतं हातावर ठेवायचं.”

दिग्दर्शकाने टेबलावर थाप मारली. “हेच! मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो!”

चित्रीकरणाला द्यायच्या आधी तो डबी घरी घेऊन आला. ती खिडकीपाशी बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून. त्याने डबी तिच्यासमोर धरली. तिने ती डाव्या हाताने घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि थबकली.

“ह्या माझ्या रेषा की काय?”

“तुझ्याच.”

“म्हणजे तीनशे वर्षांनीही तुमचं काम माझ्यावाचून अडणारच.” ती खरंच हसली. मग तिने डबी उजव्या तळहातावर ठेवली. दिवा लागला. “काय बोलायचं यात?”

“काही नाही. खोटी आहे. नुसता दिवा लागतो.”

ती दिव्याकडे पाहत राहिली. मग तिने डावा हात त्याच्यापुढे धरला आणि मूठ मिटली. तीन बोटं मिटली. करंगळी बाहेरच राहिली.

“ठशात दिसलं होतं ना तुम्हाला?”

त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं. आयुष्यभर खोट्याचाच धंदा केला होता, पण तोंडून ते निघेना.

“हो,” तो म्हणाला.

“मलाही,” ती म्हणाली. “त्याच दिवशी.”

डबी हळूहळू तिच्या तळहातावरून कलायला लागली. त्याने आपला हात खालून तिच्या हाताला लावला आणि ती सरळ धरून ठेवली. दिवा लागलेलाच होता.