तक्रारवहीतला तिसरा रकाना

वेनेरा-एजेंनी तक्रारवहीवरची धूळ फुंकली ती थेट दोलोतच्या चहात गेली. वही पळून जाऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी ती सुतळीने खिळ्याला बांधली होती. ती कुठेही गेली नव्हती. आत एक अक्षरही नव्हतं.

"हे काय आहे?"

नारीन शहराच्या पशुरोग प्रयोगशाळेतल्या नेमणुका, रजा आणि लग्नाच्या आहेरांची वर्गणी असं सगळं वेनेरा-एजे, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताई, बघत. त्यांनी काही विचारलं की माणसं आधी उभी राहत, मग उत्तर शोधत. दोलोत उभा राहिला.

"कोरी वही, एजे."

"तीन वर्षांत तुझा एक कॉम्प्युटर बिघडला नाही?"

"नाही."

"लाज नाही वाटत?"

त्यांनी राजधानी बिश्केकहून आलेलं पत्र टेबलावर ठेवलं. शुक्रवारी तपासनीस येणार होत्या. जिथे कॉम्प्युटरचे बिघाड कमी, तिथे कॉम्प्युटरवाल्याचं पद अर्धं करायचं होतं. अर्धं पद म्हणजे अर्धा पगार आणि दुपारी एकला घर. दोलोतच्या बाबतीत घर म्हणजे बाजारात मेहुण्याचा गाळा, तिथे बसून मोबाइलची कव्हरं विकणं. त्याची हरकत कव्हरांना नव्हती.

"काही बिघडू न देणं हेच तर माझं काम आहे," तो म्हणाला.

"असेल. पण ते दिसतं कुणाला? जुमाकादिर-बाइकेंनी घोड्यांची साथ थांबवली, तेव्हा आधी साथ दिसली होती ना लोकांना? तू साथ येऊच देत नाहीस. मग कुणी बघायचं तुझ्याकडे?"

प्रयोगशाळेत दर वर्षी सत्कार होत. पशुवैद्यांच्या अंगावर मानाचा झगा, चापान, चढे, डोक्यावर पांढरी कल्पाक टोपी ठेवली जाई, टाळ्या पडत. दोलोत त्या वेळी बाजूला ध्वनिक्षेपकाची वायर धरून उभा असे, कारण वायरचा सांधा सैल होता. अकरा वर्षांतल्या प्रत्येक सत्काराच्या फोटोत त्याचं कोपर आलं होतं. कोपर चांगलं आलं होतं, असं बायको म्हणायची.

दुपारी जेवणघरात वेनेरा-एजेंनी ताटावर चमचा वाजवला.

"गुरुवारपर्यंत प्रत्येक विभागाने तीन-तीन बिघाड द्यायचे. टाळाटाळ नको. नसतील तर शोधा."

आहेराची वर्गणी मागताना त्या हेच सांगत, त्यामुळे दोघातिघांनी सवयीने खिशात हात घातला.

"मी खोटं लिहिणार नाही," जुमाकादिर-बाइके म्हणाले. ते सगळ्यांत जुने पशुवैद्य, म्हणून सगळ्यांचे बाइके, थोरले भाऊ. "चाळीस वर्षांत आजारी मेंढीला कधी निरोगी म्हटलं नाही. आता धडधाकट कॉम्प्युटरला आजारी म्हणू?"

"मग खरं लिहा, बाइके. पण लिहा! वही भरली पाहिजे."

"मला तर कॉम्प्युटरच नाही," कढईपाशी उभी असलेली स्वयंपाकीण अनारकान म्हणाली.

"तुझ्याकडून दोन चालतील."

"एजे, नको," दोलोत म्हणाला. "मशिनं चांगली आहेत. त्यांच्या नावावर नको ते लावलेलं मला नाही आवडणार."

"तू गप्प बस. तुझ्याच भल्याचं चाललंय, तुझं काय मध्ये?"

सुतळी कापून वही बाहेर निघाली आणि तीन दिवस टेबलाटेबलावर फिरली. दोलोत खोलीत शिरला की ती पटकन मिटे. लोक इतक्या निरागसपणे छताकडे बघत की त्यालाही वर बघावं लागे. बाहेर आल्यावर तो दाराशी घुटमळे. काय लिहिलं असेल? हिशेबनीस बुरुलचाने कॉम्प्युटरचा पडदा थरथरतो म्हणून लिहिलं असेल का? थरथरत नव्हता. त्याने जाऊन दोनदा बघितला.

गुरुवारी तो नेहमीपेक्षा तासभर आधी आला. नमुन्यांच्या फ्रीजमागच्या आपल्या कोंदट खोलीत त्याने बॅटऱ्या तपासल्या. सगळ्या नोंदींची दुसरी प्रत काढली आणि ती डिस्क लोकरी नमद्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. हे तो दर आठवड्याला करायचा. प्रयोगशाळा जळली तरी त्याच्या घरी कपाटात, बायकोच्या लोकरी मोज्यांखाली, सगळ्या जिल्ह्याच्या मेंढ्या सुखरूप असत. हे बायकोला माहीत होतं. मेंढ्यांना नव्हतं.

शुक्रवारी तपासनीस दामिरा कासिमोव्हना आल्या. त्यांनी तळलेले बोर्सोक नाकारले, जॅम नाकारला, तिसऱ्या आग्रहाला चहा घेतला आणि प्यायला नाही. दोलोतला समोर बसवून त्यांनी वही उघडली. वेनेरा-एजे खिडकीपाशी उभ्या राहून बाहेरचं अंगण फार लक्षपूर्वक बघू लागल्या. अंगणात काही नव्हतं.

दामिरा कासिमोव्हनांनी पहिलं पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तेच पान पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही वाचलंय?"

"नाही. मला दाखवत नाहीत."

मग त्या मोठ्याने वाचू लागल्या. पत्ता सांगावा तसा त्यांचा आवाज होता.

"'चौदा फेब्रुवारी. पगारपत्रक करताना वीज गेली. वीज आली तेव्हा पगारपत्रक जसंच्या तसं होतं. सगळं परत करावं लागेल म्हणून मी घरी उशीर होईल असं कळवलं होतं. खोटी पडले. बुरुलचा, हिशेब विभाग.'"

दोलोतने हात टेबलाखाली घेतले.

"'पासवर्ड नऊ वेळा विसरलो. नऊही वेळा तो हसला नाही. संशयास्पद आहे.' याच्याखाली सही नाही."

"संचालक," खिडकीकडून वेनेरा-एजे म्हणाल्या, आणि पुन्हा अंगण बघू लागल्या.

"'मला कॉम्प्युटर नाही. तरी नातीच्या शाळेचा फॉर्म दर वर्षी तोच भरून देतो. का, ते सांगत नाही. अनारकान, जेवणघर.'"

पुढचं पान उलटून त्या थांबल्या. हे अक्षर मोठं होतं, पेन दाबून लिहिलेलं, आणि याच्याखाली सहीबरोबर शिक्काही होता.

"'गेल्या शरदात अट-बाशी गावच्या चारशे मेंढ्यांचे तपासणीचे निकाल माझ्याकडून पुसले गेले. चूक माझी. दोलोतने ते दहा मिनिटांत परत आणले आणि कुणाला काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या शरदात माझा सत्कार झाला. याची चौकशी व्हावी. जुमाकादिर, पशुवैद्य.'"

त्या सत्काराच्या वेळी आपण वायर धरून कुठे उभे होतो, ते दोलोतला आठवत होतं. बाइकेंनी त्याच्याकडे तेव्हा का बघितलं नव्हतं, ते आत्ता कळत होतं.

दामिरा कासिमोव्हनांनी वही त्याच्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं.

"पहिल्या रकान्यात तारीख आहे. दुसऱ्यात तक्रार आहे. तिसऱ्यात उपाय लिहायचा असतो. कोरा रकाना मला चालत नाही."

"काय लिहू?"

"ते तुमचं काम."

त्याने पेन घेतलं. बाइकेंच्या तक्रारीपुढे पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग पहिल्या पानावर परत जाऊन एकेका ओळीपुढे एकच मजकूर लिहीत खाली आला, बाइकेंचीही ओळ न वगळता. अक्षर शाळेतल्यासारखं आलं.

तक्रार खरी आहे. पुढेही असंच होईल.

दामिरा कासिमोव्हनांनी ते उलट्या बाजूने वाचलं.

"पुढेही म्हणजे, दुपारी एकनंतरसुद्धा?"

दोलोतने विचार केला. चुकीचं काही सांगायचं नव्हतं.

"वीज बहुतेक तीनला जाते," तो म्हणाला.

खिडकीपाशी वेनेरा-एजेंना एकदम खोकला आला.

दामिरा कासिमोव्हनांनी पेनाच्या टोकाने नोंदी मोजल्या. आपला फॉर्म पुढे ओढला, बिघाडांच्या चौकटीत चौदा हा आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. मग गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"चौदा," त्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या. "फार आहेत. पूर्ण वेळ लक्ष द्यावं लागेल."

"देतो," दोलोत म्हणाला.